ढील किती द्यायची? हॅमॉकच्या नोंदी, बडोदे

२५ ऑक्टोबर, शनिवार

पुण्याहून आलेल्या भावाने यंदा ओवाळणीत पाकीट न घालता हॅमॉक घातला, म्हणजे दोन झाडांमध्ये बांधून झोपायची कापडी झोळी. पिशवी तांब्याएवढी. आईंनी (सासूबाईंनी) हातात घेऊन विचारलं, "छत्री आहे का गं?" उघडून दाखवल्यावर म्हणाल्या, "घरात एवढा संखेड्याचा हिंचका असताना हे कशाला?" (हिंचका म्हणजे आमचा घरातला झोपाळा.)

कारण असं की २७ डिसेंबरला सगळी मंडळी मामेदादाच्या शेतावर मुक्कामाला जाणार आहोत, संखेड्याच्या अलीकडे. तोवर हा मला एकटीने बांधता-सोडता आला पाहिजे, आणि तिथे पोरांना शिकवता आला पाहिजे. म्हणून ही वही.

पिशवीत निघालं ते: पॅराशूटसारख्या पातळ नायलॉनचं कापड, लांबी ३ मीटर, दोन्ही टोकं चुण्या घालून बांधलेली. दोन चिमुकली कॅरॅबिनर, म्हणजे किल्ल्यांच्या जुडग्याला असते तशी झडपेची कडी. दोन बारीक नायलॉनच्या दोऱ्या. कागद एक, त्यावर चित्रं तीन, तिन्हींत हसणारा माणूस आधीच आत झोपलेला. तो आत कसा गेला, हे चित्रात नाही.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन: सगळं मिळून ६१० ग्रॅम.

२६ ऑक्टोबर, रविवार

पहिला प्रयत्न. सोसायटीच्या आवारात कडुनिंब आणि आसोपालव (खोटा अशोक) यांच्यामध्ये बांधला. बॅडमिंटनची जाळी बांधतात तसा ताठ. दिसायला फार सुरेख दिसत होता.

बसले. कापड एका बाजूला फिरलं आणि मी दुसऱ्या बाजूला. दुसऱ्यांदा नवरा बसला. तो पडला नाही, पण दोरी ताणत ताणत इतकी लांबली की पाच मिनिटांत त्याची बैठक जमिनीला टेकली. आसोपालव वरपर्यंत हलत होता. तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी "भूकंप?" असं विचारलं.

खरी लाज वाटली ती सोडताना. दोरी काढली तर कडुनिंबाच्या सालीत करंगळी जाईल एवढी खाच, आणि आत ओलसर हिरवं दिसत होतं. पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत जातं ते सालीच्याच आतल्या थरातून. पुन्हा पुन्हा त्याच जागी दोरी रुतली तर झाडाचा गळाच आवळला जातो. सोसायटीचे काका खाली आले, त्यांनी खाचेवरून अंगठा फिरवला आणि काही न बोलता परत गेले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

३० ऑक्टोबर, गुरुवार

ठरलं: दोरी बाद. झाडाभोवती रुंद पट्टा हवा, निदान अडीच सेंटीमीटर, त्याहून रुंद असेल तर उत्तमच. आणि पॉलिएस्टरचा. नायलॉन ताणाखाली लांबतं, परवा पाहिलंच.

मंगळबाजारात गेले होते. बॅगांचे पट्टे शिवणाऱ्या एका दुकानात पट्टी मीटरवर मिळते. विचारलं तर म्हणाला, पॉलिएस्टरच आहे बेन, एकदम मजबूत. तुकडा घरी आणून साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात दाबून दाबून भिजवला. तरंगला. पॉलिएस्टर आणि नायलॉन दोन्ही पाण्यापेक्षा जड, बुडतात. तरंगतं ते पॉलिप्रॉपिलीन. ते बॅगेला ठीक आहे, पण उन्हाने लवकर कुजतं. साबण एवढ्यासाठी की विणीत अडकलेली हवा निघून जावी, नाहीतर चांगली पट्टीही क्षणभर तरंगून फसवते.

शेवटी तयार पट्टेच मागवले. प्रत्येकी ३ मीटर, एका टोकाला मोठा फास आणि पुढे ओळीने शिवलेली घरं. कॅरॅबिनर कुठल्याही घरात अडकवायचं, गाठ मारायचीच नाही. कॅरॅबिनरही बदलली. जुन्यांवर काहीच छापलेलं नव्हतं. नव्यांच्या कण्यावर १२ किलोन्यूटन असं कोरलंय, म्हणजे साधारण १,२०० किलो. हा आकडा लांबीच्या दिशेने ओढल्यावरचा, झडप बंद असताना. आडवं ओढलं किंवा झडप उघडी राहिली तर ताकद पुष्कळच कमी.

२ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस वसूल. सकाळी पोहे झाल्यावर लेकीचा कंपास बॉक्स, प्रवासाच्या बॅगा तोलायचा हातकाटा आणि ५ किलो तांदळाची पिशवी घेऊन बसलो.

प्रयोग असा: समोरासमोरच्या दोन खिडक्यांच्या गजांना दोरी. एका टोकाला गज आणि दोरी यांच्यामध्ये काटा. मधोमध तांदूळ. कोन मोजायला लेकीने कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा बांधून त्याला सेफ्टीपिन लटकवली. कोनमापकाची सरळ कड दोरीला लावायची. सेफ्टीपिनवाला दोरा ६० वर आला की दोरी आडव्या रेषेपासून ३० अंशांवर.

३० अंशांना काटा म्हणतो ५ किलो. पिशवी ५ किलोची, दोन टोकं, तरी एकेका टोकावर पूर्ण ५. लेकीला वाटलं काटा बिघडला. मग दोरी आवळत नेली. १० अंशांच्या आसपास काटा १४ वर. आणखी आवळली, ५ अंशांच्या जवळ गेलो, तर २८ वर जाऊन काटा नुसता थरथरायला लागला आणि खिडकीचा गज कुरकुरला. थांबलो. तांदूळ तेवढेच होते. वाढला तो नुसता ताठपणा.

हिशेब वहीत मांडला. वजनाला कोनाच्या साइनच्या दुपटीने भागायचं, की एका टोकावरचा ताण मिळतो. माझं वजन ६८. ३० अंशांना प्रत्येक टोकावर ६८ किलो; १० अंशांना १९६; ५ अंशांना ३९०. परवा बॅडमिंटनच्या जाळीसारखा बांधला होता तेव्हा त्या बिचाऱ्या आसोपालवावर माझ्यासारख्या पाच-सहा बायका एकदम लोंबकळत होत्या.

याच हिशेबाने नवऱ्याची एक योजना रद्द झाली. गच्चीवर कठड्याचे दोन विटांचे खांब आहेत, त्यांना बांधू म्हणत होता. विटांचा खांब वरून ओझं सोसतो. बाजूने ओढलं तर सांध्यातून सुटून येतो, आणि येतो तो झोपलेल्या माणसाच्याच अंगावर. ३० अंशांवरसुद्धा आडवी ओढ वजनाच्या पाऊणपटीहून जास्त असते. मग त्याने हिंचक्याची कडी सुचवली. ती स्लॅबमध्ये आहेत आणि चौघांना पेलतात हे खरं, पण हिंचका सरळ खाली ओढतो, ओझं चार सळ्यांत वाटतो. हॅमॉक तिरपा ओढतो, दोनच टोकांवर. नाही म्हणजे नाही.

हे सगळं चालू असताना आई पलंगावर बसून वाटाणे सोलत होत्या. काटा २८ वर गेल्यावर म्हणाल्या, "अगं, झोळी ताणून कोण बांधतं? ताणलेल्या झोळीतून पोर बाहेर पडतं." मग उठून कपाटातली मऊ सुती साडी काढली, दोन टोकं माझ्या आणि लेकीच्या हातात दिली, मध्ये उशी टाकली आणि आम्हाला एकेक पाऊल जवळ यायला लावलं. उशी खाली गेली, साडीच्या दोन्ही कडा तिच्या अंगावर चढल्या. "हं. आता हलवा." आम्ही हलवली. उशी जागची हलली नाही. पुन्हा एकेक पाऊल मागे घेतलं, पहिल्याच झोक्याला उशी फरशीवर.

दांडिया बाजारातल्या वाड्यात त्यांनी चार पोरं झोळीत वाढवली. शेजारच्या बेनकडे घोडियुं होतं, लाकडी घोडीला टांगलेलं कापड. त्यालाही पोट असंच खोल असतं म्हणे. काटा, कोनमापक आणि साइन घेऊन मी जिथे पोचले, तिथे त्या आधीच बसून वाटाणे सोलत होत्या.

रोज कोनमापक कोण नेणार म्हणून हाताचं माप शोधलं: अंगठा आणि तर्जनी पिस्तुलासारखी ताणायची. तर्जनी आडवी धरली की अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंतची तिरपी रेषा साधारण ३० अंशांची. पट्टा त्या रेषेला समांतर दिसला की झालं. माझ्या हाताला कोनमापकावर २९ आलं, लेकीच्या ३२. चालेल.

९ नोव्हेंबर, रविवार

झाडांची पाहणी. काकांना रुंद पट्टे दाखवून परवानगी घेतली. "खाच पडता कामा नये" एवढंच म्हणाले.

आसोपालव: बारीक, हलतो. नाही. गुलमोहर: सावली छान, फांद्या ठिसूळ. नाही. शेवगा: शेंगा तोडायला चढलेल्या माणसांच्या हकिगती प्रत्येक घरात आहेत. नारळ: खोड ठीक, वरचे नारळ नाहीत. उरले कडुनिंब आणि चिंच. दोन्ही जाडजूड, जिवंत, मधलं अंतर ४.२ मीटर. खोड निदान वीतभर जाड हवं, आणि ते नुसतं जाड असून भागत नाही. वर मान करून वाळकी फांदी लटकत नाही ना, हे पाहायचं. मग खोडावर मंकोडे. मराठीत मुंगळे, पण आमच्या सोसायटीत ते मंकोडेच आहेत. रांग असेल तर झाड बदला. पट्टा हा त्यांच्या दृष्टीने तुमच्यापर्यंत बांधलेला पूल आहे.

आईंचा आक्षेप: चिंचेखाली झोपू नये. दुपारी चालेल असं ठरलं.

उंची: बसल्यावर बैठक खुर्चीएवढी, म्हणजे जमिनीपासून दीड फूट. त्याहून उंच बांधायचं कारणच नाही. झाडं ४ मीटरवर असतील तर पट्टा खोडावर साधारण साडेपाच फुटांवर येतो. अंतर अर्ध्या मीटरने वाढलं की पट्टा वीतभराला थोडा कमी इतका वर. साडेतीन मीटरच्या आत झाडं असली तर मी तरी नाद सोडते, आणि पाचच्या पुढे पट्टा बांधायला स्टूल लागतं.

आजचा क्रम: पट्टा खोडाभोवती घालून त्याचं टोक फासातून ओवायचं आणि खेचायचं. दुसऱ्या झाडालाही तसंच. मग पिशवीतून एक टोक काढून अडकवायचं, पिशवी हातात धरून दुसऱ्या झाडाकडे चालत जायचं, कापड आपोआप बाहेर येतं. दुसरं टोक अडकवायचं. हाताचं माप. ताठ वाटलं तर कॅरॅबिनर पट्ट्याच्या आणखी बाहेरच्या घरात. मग बसण्याआधी दोन्ही हातांनी मधोमध जोर देऊन दाबायचं. पट्टा खोडावर सरकून घट्ट बसतो, कोन पुन्हा पाहायचा.

वेळ: १४ मिनिटं. त्यातली चार मिनिटं काकांशी बोलण्यात.

१५ नोव्हेंबर, शनिवार

झोपायचं कसं. हॅमॉककडे पाठ करून उभं राहायचं, मागे हात नेऊन कापड दोन्ही बाजूंना पसरायचं, बरोबर मध्यावर बसायचं, मग पाय आत. गुडघा आधी टाकला की गेलात.

आत गेल्यावर सरळ झोपलं तर माणसाचं केळं होतं. नवरा अर्धा तास केळ्यासारखा पडून "छान आहे, छान आहे" म्हणत होता आणि रात्री कंबरेला बाम लावत होता. तिरकं झोपायचं: डोकं मधल्या रेषेच्या डावीकडे, पाय उजवीकडे. कापड अंगाखाली सपाट होतं, इतकं की कुशीवर वळता येतं. माझा तर विश्वासच बसेना. ताठ बांधलेल्या हॅमॉकमध्ये हे होत नाही. तिरकं व्हायला कापडात पोट हवं, आणि पोट ढिलीतून येतं. पोटऱ्यांखाली एक कड रुतते, तिथे घडी केलेली शाल.

१६ नोव्हेंबर, रविवार

काही नाही. लग्न होतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

झाडांचं अंतर बदललं की ढील बदलते, दर वेळी नव्याने जुळवायचं. त्यावर तोडगा: हॅमॉकच्या दोन टोकांमध्ये, वरून, ठरलेल्या मापाची एक न ताणणारी बारीक दोरी. माप कापडाच्या लांबीच्या सुमारे ८३ टक्के. माझं कापड ३०० सेंटीमीटर, दोरी २४९. मग पट्टे थोडे जास्त ओढले गेले तरी दोन टोकं त्याहून लांब जात नाहीत, पोट तेवढंच राहतं. आत झोपल्यावर ती दोरी चिमटीत धरून वाकवता आली पाहिजे. सतारीच्या तारेसारखी वाजली तर पट्टे ढिले करा, कारण जास्तीचा सगळा ताण आता तिच्यावर येतोय.

फायदा न मागता मिळाला: चष्मा अडकवायला जागा झाली.

लेकीने विचारलं, हे शोधलं कोणी? हॅमॉक हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोचला तेव्हा ते यात झोपत होते; स्पॅनिशमध्ये तो हामाका झाला. आईंना सांगितलं. "आणि आपण बायकांनी झोळी काय तिकडून मागवली?" असं विचारून त्या आत गेल्या.

३० नोव्हेंबर, रविवार

सोडण्याचा सराव. बांधण्यापेक्षा यालाच जास्त वेळ दिला. गेले महिनाभर मी दोन्ही टोकं सोडून कापड जमिनीवर टाकायची, मग वाकून गोळा करायची. त्यात कडुनिंबाची वाळकी पानं, मुंगळे, आणि गवतातली कुसळं. ती कुसळं नायलॉनमध्ये शिरली की सुटत नाहीत. परवा दिवाणावर बसून चिमट्याने सतरा काढली. शिवाय पुढच्या वेळी पिशवीतून निघतो तो गुंता, आणि टोक कुठे आहे ते शोधण्यातच अर्धा उत्साह जातो.

आज जमलेली पद्धत. आधी आत हात फिरवून चष्मा, फोन, केसाचा चाप काढायचा. मग मध्यावर एक हात घालून कापड उलटं करून झटकायचं. मग एकच टोक सोडायचं. दुसरं झाडालाच राहू द्यायचं, हीच सगळी गोम आहे. सुटलेलं टोक डाव्या खांद्यावर टाकायचं. पिशवी टांगलेल्या टोकाजवळ नाही, आपल्या हातात. खांद्यावरचं टोक पिशवीच्या तोंडाबाहेर वीतभर लोंबतं ठेवून, त्याच्या लगतचं कापड मुठीमुठीने आत कोंबत झाडाकडे चालत जायचं. घडी घालायची नाही, गुंडाळायचं नाही, कोंबायचं. एक मूठ आत, अंगठ्याने दाब, पुढची मूठ. झाडापाशी पोचेपर्यंत सगळं कापड पिशवीत, तेव्हा कुठे शेवटचं टोक सोडायचं आणि तेही तोंडाशी ठेवायचं. पिशवीची नाडी ओढून सुरगाठ. निरगाठ मारली तर अंधारात दातांनी सोडवावी लागते.

कापड जमिनीला लागतच नाही. आणि पुढच्या वेळी दोन्ही टोकं तोंडाशीच हाताला लागतात, एक अडकवून चालायला लागलं की झालं. नीट सोडला तो निम्मा बांधलेलाच असतो.

पट्टे वेगळ्या पिशवीत. ते खोडावरून चीक, धूळ, कधी मुंगळा घेऊन येतात. चार बोटांभोवती गुंडाळून शेवटचं टोक आतल्या वळणात खोचायचं.

लेकीने घड्याळ लावलं: बांधायला ५ मिनिटं, सोडायला ३. तिला स्वतःला ४ आणि अडीच. तिची बोटं लहान आहेत, असं माझं म्हणणं.

७ डिसेंबर, रविवार

पावसाचा प्रयोग, बागेच्या पाइपाने. वर ताडपत्री होती, तरीही दहा मिनिटांत माझी पाठ ओली. पाणी वरून येत नव्हतं; खोडावरून पट्ट्यावर, पट्ट्यावरून ओघळत थेट कापडात. कॅरॅबिनरच्या अलीकडे पट्ट्याला जुन्या सुती ओढणीची चिंधी बांधली, टोक खाली लोंबतं. ओघळ चिंधीवर वळून जमिनीवर ठिबकायला लागला. काका वरून बघत होते. पाणी कपातीचा विषय पुढच्या मीटिंगला निघणार.

१३ डिसेंबर, शनिवार

रात्री दोनपर्यंत आवारात. दोन गोष्टी कळल्या.

एक, थंडी खालून येते. वर दोन रजया होत्या, पाठ मात्र बर्फ. अंगाखालची रजई वजनाने चेपते, तिच्यातली हवा जाते, ऊब जाते, आणि खालून वारा मोकळा. योगाची चटई आत घातली. ऊब आली पण ती सतत सरकत होती. मग आईंची जुनी गोधडी बाहेरून, हॅमॉकच्या खाली, चार कोपऱ्यांना नाड्या लावून टांगली, कापडाला टेकेल न टेकेल अशी. ती चेपली जात नाही. तासाभरात झोप लागली.

दोन, डास. वर मच्छरदाणी होती म्हणून मी निर्धास्त. ते खालून पातळ कापडातून चावले. गोधडीने त्याचाही बंदोबस्त झाला.

चिंचेची भुतं आली नाहीत. सकाळी आईंनी तेवढंच विचारलं.

२७ डिसेंबर, शनिवार

डभोईवरून गेलो, त्यामुळे नवऱ्याचं नेहमीचं भाषण: इथून मियागामपर्यंत गायकवाडांनी १८६२ मध्ये अरुंद रुळांची गाडी घातली, आणि ती आधी बैल ओढायचे. मागे बसलेल्या तीन पोरांनी ते त्याच्या आवाजात म्हणून दाखवलं.

दादाच्या शेताच्या बांधावर महुडे, म्हणजे मोहाची झाडं आहेत आणि पलीकडे आंबे. महुडा म्हणजे सोनं: रुंद, भक्कम खोड. आंब्यावर पानं शिवून केलेली लाल मुंग्यांची घरटी होती, म्हणून त्या बाजूला कोणाला फिरकू दिलं नाही.

दादाचाही एक हॅमॉक निघाला, मागच्या वर्षीचा, एकदाच वापरलेला. "हा माझ्याच्याने होत नाही, पाठ मोडते." त्याने बांधून दाखवला: बॅडमिंटनची जाळी. मी काही बोलले नाही. भाचीला बोलावलं, वय ९, तिच्या हाताची पिस्तूल करून पट्ट्याला लावली. "मामी, हे तर सरळच आहे." तिनेच कॅरॅबिनर दोन घरं बाहेर नेलं. दादा आत गेला, तिरका झाला आणि जेवायला हाक मारेपर्यंत उठला नाही.

संध्याकाळपर्यंत पाच जणांना बांधता आलं. सोडणं तिघांनाच जमलं. पुतण्या प्रत्येक वेळी दोन्ही टोकं एकदम सोडतो. त्याला पिशवी आधी हातात द्यावी लागते, म्हणजे दुसरा हात रिकामाच राहत नाही.

नियम, पोरांसाठी, तोंडी आणि ओरडून: एका वेळी एकच जण. उभं राहायचं नाही. जोरात झोके नाहीत. खाली दगड असेल तिथे बांधायचा नाही. एकावर एक दोन हॅमॉक तर मुळीच नाहीत, कितीही शपथा घातल्या तरी.

२८ डिसेंबर, रविवार

पहाटे सगळ्यावर दव. कापड ओलं, पट्टे ओले, चिंधीसुद्धा. वाट पाहायला वेळ नव्हता, ओलंच कोंबलं. घरी आल्या आल्या गच्चीवर सावलीत पसरलं. ओलं नायलॉन पिशवीत राहिलं तर बुरशीचा वास बसतो, आणि कडक उन्हात रोज टाकलं तर कापड जीर्ण होतं. सावली आणि वारा.

वहिनीला पट्ट्यांची तिच्याच मापाची जोडी हवी आहे. दुकानाचं नाव नको, साबणाच्या पाण्याची युक्ती सांगितली.

१४ जानेवारी, बुधवार

परवा सौम्य साबणाने हाताने धुतला आणि गच्चीवर वाळत घातला. आज उत्तरायण आहे, हे विसरायला बडोद्यात माणूस वेडा पाहिजे. मी विसरले. दुपारी वर गेले तर कुणाच्या तरी कापलेल्या पतंगाचा मांजा कापडावरून ओढला गेलेला. मधल्या भागात २ सेंटीमीटरचा काप, ब्लेडने मारल्यासारखा. हात लावला तर बोटालाही बारीक लाल रेघ आली.

बराच वेळ तिथेच बसून उंधियू खाल्लं. चव लागली नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

वासी उत्तरायण, म्हणजे पतंगांचा दुसरा दिवस, बाजार अर्धवट. घरातच पाहणी केली. काप चुण्यांच्या टोकाजवळ असता तर विचारही न करता बाद केला असता. तिथे सगळा ताण गोळा होतो. लांब असता तरी बाद. हा मधला आणि छोटा आहे. दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावली, तंबू दुरुस्तीची, भावाच्या पिशवीत सापडलेली. कोपरे गोल कापले. चौकोनी कोपरा आधी उचकटतो. उशी ठेवून रात्रभर वर पोळपाट आणि वरवंटा.

१८ जानेवारी, रविवार

माणूस घालायच्या आधी वजन. वीतभर उंचीवर बांधला, ३० अंश, भाचीच्या पद्धतीने. गव्हाचं अर्धं पोतं, अंदाजे ४० किलो, ठिगळाच्या बरोबर वर. त्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याचे २० लिटरचे दोन कॅन. एकूण ८०. दर तासाला ठिगळाची कड पेन्सिलीच्या खुणेशी ताडून पाहतेय. दुपारी बारापर्यंत खूण तिथेच आहे.

शेजारच्या बेन फाटकातून डोकावून, आवाज अगदी खाली आणून विचारून गेल्या, आत कोण झोपलंय. आई तुळशीला पाणी घालून येता-जाता पोत्याला एकेक झोका देतायत.